सात मिनिटांचा हल्ला

दक्षाने एक बंद फाटक एकदाच बाहेरून पाहिलं होतं, आणि तेवढं एकदाच तिला पुरलं. बारावीनंतर नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचं केंद्र तिला वसईला आलं होतं. तिचा पाडा तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या कुशीत. जीपने तलासरी, एसटीने डहाणू, पुढे गाडी असं करत ती पोचली तेव्हा चार मिनिटं उशीर झाला होता. शिपाई वाईट नव्हता. "नियम आहे, ताई," एवढंच म्हणाला. आत मुलं लिहीत होती आणि ही हॉलतिकीट धरून उन्हात उभी होती. पेपर सुटेपर्यंत उभीच राहिली, कारण परत फिरायला पायच निघेना.

पुढे तिने कुढत बसण्याचा उद्योग केला नाही. कॉम्प्युटरचा कोर्स केला, वापीला दोन वर्षं नोकरी केली आणि जिथे बारावी झाली त्याच तलासरीजवळच्या कॉलेजात लॅब सांभाळायला आली. चाळीस कॉम्प्युटर, एक सर्व्हर, पंखे सहा आणि त्यातले चालू चार. एवढ्या संसारात ती सुखी होती. मुलींना टायपिंग शिकवताना तिचा आवाज वर्गाबाहेर ऐकू जाई, आणि बाहेरून जाणारे मास्तर जरा सांभाळूनच चालत.

दोन हजार अठराच्या डिसेंबरात परीक्षा घेणाऱ्या एका कंपनीचं पत्र आलं. जानेवारीत नर्सिंगची प्रवेश परीक्षा ऑनलाइन होणार होती आणि त्यासाठी कॉलेजच्या लॅबला केंद्र देण्याचा विचार होता. तपासणीत पास झालात तर केंद्र तुमचं, नाही तर मुलांनी नेहमीप्रमाणे लांब जावं. दक्षाने ते पत्र तीनदा वाचलं. पूर्वेकडच्या पाड्यांतल्या एकतीस मुलींनी अर्ज भरले होते. ते तिनेच भरून दिले होते, त्यामुळे प्रत्येकीचं नाव, गाव आणि फोटोतला घाबरलेला चेहरा तिला पाठ होता. हे केंद्र मिळालंच पाहिजे, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

प्राचार्य अमृत सरांनाही ते हवं होतं. सर नरपडचे. घरी चिकूची वाडी, अंगात शिस्त. रोज मोटारसायकलवरून येत आणि आल्याबरोबर मनगटावरचं घड्याळ कॉलेजच्या घड्याळाशी जुळवत. मोबाइल हे फक्त बोलायचं यंत्र आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. साडेदहाला फाटक बंद म्हणजे बंद. उशीर झाला की हजेरीत लाल शेरा, आणि तीन लाल शेऱ्यांनंतर बापाला बोलावणं. दर स्नेहसंमेलनात ते दक्षाकडे बोट दाखवून सांगत, "ही बघा. डोंगरातून यायची. दोन वर्षांत एकही लाल शेरा नाही." दक्षा खाली बघे, पण मनातून फुलून जाई. सरांनी सही करून दिलेलं नियमित हजेरीचं प्रमाणपत्र तिच्या आईने देवांच्या शेजारी टांगलं होतं.

तपासणीच्या आधी नुसतं बघून जायला कंपनीचा तुषार नावाचा इंजिनिअर आला. चारोटीला पोटभर नाश्ता करून आलेला, त्यामुळे माणूस प्रसन्न होता. त्याने कॉम्प्युटर पाहिले, खुर्च्या मोजल्या, "मस्त आहे, मॅडम," म्हणाला. आणि तेवढ्यात लाइट गेली.

आमच्याकडे लाइट जाणं ही काही बातमी नव्हे. दहा मिनिटांनी ती आली, मशिनं सुरू झाली. तुषारने सहज पडद्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

"मॅडम, तुमची लॅब सात मिनिटं मागे आहे."

दक्षा उठून बघायला आली. खरंच होतं. एक नाही, चाळीसही मशिनं नेमकी सात मिनिटं मागे. ती दोघं बघत राहिली, आणि पंधरा मिनिटांनी सगळी घड्याळं आपोआप बरोबर झाली. तुषारच्या चेहऱ्यावरची नाश्त्याची प्रसन्नता मात्र गेली ती गेलीच.

"घड्याळ बिघडलं तर एका मशिनचं बिघडतं," तो म्हणाला. "चाळीसांचं एकदम नाही. तुमच्या सर्व्हरला कोणीतरी खोटी वेळ सांगतंय."

मग त्याने समजावून सांगितलं, आणि दक्षाने वहीत लिहून घेतलं. सर्व्हर स्वतः वेळ ठेवत नाही, तो नेटवर्कवर दुसऱ्यांना विचारतो आणि लॅबला सांगतो. हे काम करणारं सॉफ्टवेअर स्वभावाने भोळं. सुरू असताना कोणी भलतीच वेळ सांगितली तर ते संशय घेतं, चार जणांना विचारतं. पण नुकतं उठलेलं असताना पहिला जो कोणी बोलेल त्याचं ऐकतं. बोलणारा कोण, कुठला, काही विचारत नाही. ओळख पटवायला सांकेतिक किल्ली ठेवायची सोय आहे, पण ती लावावी लागते. आणि लॅबमधली आवृत्ती चार वर्षं जुनी होती. तिच्यातली भोकं जगभर जाहीर होऊन त्यांच्या दुरुस्त्याही येऊन गेल्या होत्या. त्या दक्षाने घातल्याच नव्हत्या.

"पण वेळ बदलून कुणाला काय मिळणार?" तिने विचारलं.

"पेपर मशिनच्या घड्याळाने उघडतो आणि मशिनच्या घड्याळाने मिटतो. पेपर सुरू असताना लाइट घालवून ते सात मिनिटं मागे ओढलं, तर आतल्यांना सात मिनिटं जास्त मिळतात. आत्ता कोणीतरी सराव करतंय, मॅडम. याला हल्लाच म्हणतात." त्याने बॅग उचलली. "पंधरा दिवसांनी येतो. लॅब, घंटा, फाटक, सगळ्यांची वेळ एक पाहिजे, आणि ती कुणाला हलवता येता कामा नये. नाही तर मला केंद्र रद्द लिहावं लागेल."

त्या दिवशी दक्षाला जेवण गेलं नाही. तिने इंटरनेटवर असल्या हल्ल्यांबद्दल वाचायला घेतलं, आणि जितकं वाचलं तितकी ती घाबरली. कुठल्या कुठल्या देशांतले लोक बसल्या जागेवरून दुसऱ्यांची घड्याळं हलवत होते. आपल्या चाळीस कॉम्प्युटरांवर त्यांचा डोळा का, हे काही तिला कळेना. पण चोराला घराची निवड कोण विचारणार? दुरुस्त्या तिने उतरवून ठेवल्या, पण घातल्या नाहीत. आधी चोर पकडायचा म्हणून दार मुद्दाम उघडं ठेवलं. सर्व्हरला मात्र सांगून ठेवलं की उठल्यावर वेळ कोण सांगतो त्याचा पत्ता लिहून ठेव.

मग ती लाइट जाण्याची वाट बघत बसली. जन्मात पहिल्यांदाच. आणि लाइटीला तेवढंच पुरलं. सोमवार गेला, मंगळवार गेला, पंखेसुद्धा एका लयीत फिरत राहिले. बुधवारी दुपारी तीनला एकदाची लाइट गेली आणि दक्षाला इतका आनंद झाला की समोरच्या मुली तिच्याकडे बघायलाच लागल्या.

लाइट परत आल्यावर तिने पत्ता पाहिला. चोर परदेशात नव्हता, वापीत नव्हता, अच्छाडच्या सीमानाक्यावरसुद्धा नव्हता. पत्ता याच इमारतीतला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. दक्षा सर्व्हरपासून निघालेली एकेक केबल बोटाने धरून चालत गेली. ऑफिसची सोडली, लायब्ररीची सोडली. तिसरी भिंतीतल्या भोकातून व्हरांड्यात उतरली आणि फाटकाजवळ, लाहूच्या स्टुलाच्या वर भिंतीला टांगलेल्या घंटेच्या पेटीत शिरली.

लाहू कॉलेजचा शिपाई. निवृत्तीला एक वर्ष उरलेला. पूर्वी तो लोंबता रुळाचा तुकडा बडवून तास द्यायचा. चार वर्षांपूर्वी कुणा दानशूर माणसाने आपोआप वाजणारी ही पेटी भेट दिली, आणि तेव्हापासून लाहूकडे फाटक तेवढं उरलं. पेटी शहाणी होती. वर्गावर्गातल्या भिंतीवरच्या घड्याळांना ती नेटवर्कवरून सतत आपली वेळ ओरडून सांगे. तिला स्वतःची बॅटरी होती, त्यामुळे लाइट गेली तरी ती जागी. इंटरनेट परत यायला मात्र चार मिनिटं लागत. त्या चार मिनिटांत अख्ख्या इमारतीत वेळ सांगणारी ती एकटीच, आणि नुकता उठलेला सर्व्हर तिचं निमूटपणे ऐकत होता. पेटीवर तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. दक्षाच्या मोबाइलवर तीन एकोणीस.

घंटा मागे आहे हे अमृत सर सोडून कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं, पण तिचा लॅबशी काही संबंध असेल असं दक्षाच्या मनातही आलं नव्हतं. 'कॉलेजचा टाइम' म्हणत. मास्तरांनाही ती सात मिनिटं गोड लागत, म्हणून कधी कोणी तक्रार केली नाही. ती मागे का आहे, हे मात्र आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"लाहूकाका, या पेटीची वेळ कोण लावतं?"

लाहू स्टुलावरून उठला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती आणि वयही राहिलं नव्हतं. "मीच लावतो, बाय. सात मिनटां मागं ठेवतो. का?"

दक्षाला हसावं की रडावं कळेना. आठवडाभर जिच्या भीतीने तिला घास उतरला नव्हता ती जागतिक टोळी समोर उभी होती, आणि तिच्या हातात तंबाखूची डबी होती.

"का म्हणजे? का ठेवता?"

"डोंगराकडची जीप भरल्याबिगर सुटत नाय. साडेदहाला पाच-सहा मिनटां वर होतातच. मंग पोरांनी काय करायचा? तीन लाल शेरे झाले का बापाला बोलवायचा. बाप एक दिसाची मजुरी बुडवून येल? नाय येत. पोर घरी बसते." त्याने डबी खिशात टाकली. "माझी रूपी तशीच बसली. मीच फाटक लावला होता. नियम होता ना. ती बाहेर उभी, मी आत."

दक्षाने फाटकाच्या कडीकडे पाहिलं.

"त्याच्यानंतर मी कॉलेजचा घड्याळच सात मिनटां मागं ठेवून घंटा द्यायला लागलो. रूळ होता तेव्हापासून."

रूळ होता तेव्हापासून. म्हणजे दक्षा शिकत होती तेव्हाही. तेव्हा तिच्याजवळ मोबाइल नव्हता, घड्याळ नव्हतं. त्याच जीपने ती यायची, धावत फाटकात शिरायची, आणि शिरल्यावर घंटा व्हायची. दोन वर्षं रोज तिला वाटत होतं की आपण वेळेवर आलो. देवांच्या शेजारचं ते प्रमाणपत्र तिच्या डोळ्यांपुढे आलं, आणि तिला लाजही वाटली आणि या माणसाविषयी मायाही.

"तुमच्या पेटीमुळे परीक्षेचं केंद्र जायची वेळ आलीय, काका," शेवटी ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं.

लाहूने नीट ऐकून घेतलं. "मंग परीक्षेच्या दिवशी बरोबर लावतो. बाकी दिवस राहू दे मागं."

दक्षाला मोह झाला. सर्व्हरला नवी किल्ली द्यायची, पेटीचं ऐकू नको म्हणून बजावायचं, आणि कुणाला काही सांगायचं नाही. पण तुषार घंटाही तपासणार होता, आणि बटण दाबून कुणालाही हलवता येणारी घंटा तो काही सोडणार नव्हता. शिवाय लाहू पुढच्या वर्षी निवृत्त होणार. त्याच्यानंतर येणारा शिपाई पहिल्याच दिवशी पेटीची वेळ बरोबर करील आणि शाबासकी मिळवील. मग पोरींचं काय? ज्या उपकाराचं कुठे नावच नाही, तो माणसाबरोबर जातो.

दुसऱ्या दिवशी ती अमृत सरांच्या खोलीत गेली. घंटा मागे आहे, ती बरोबर करावी लागेल, आणि बरोबर केली की रोज पंचवीस-तीस मुलं फाटकाबाहेर राहतील, असं तिने सांगितलं.

"राहतील तर राहतील," सर म्हणाले. "वेळ म्हणजे वेळ. घंटा मागे कोणी ठेवली?"

दक्षाने लाहूचं नाव घेतलं नाही. "सर, मी रोज सहा मिनिटं उशिरा यायचे. दोन वर्षं. तुम्ही सही केलेलं माझं प्रमाणपत्र खोटं आहे."

सरांनी चष्मा काढला. दर स्नेहसंमेलनात त्यांनी कोणाचं उदाहरण दिलं होतं, हे त्यांना आठवत असणार. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग टेबलावरचा मोबाइल बोलायचं नसताना प्रथमच उचलून पाहिला. दोन्हींत सात मिनिटांचा फरक होता. म्हणजे नरपडचा हा वक्तशीर माणूसही इतकी वर्षं रोज उशिराच येत होता, आणि मुलांना लाल शेरे देत होता. त्यांनी मोबाइल खाली ठेवला.

"जीप किती वाजता येते म्हणालीस?"

"दहा पस्तीस, छत्तीस."

सरांनी नोटीस लिहायला कागद ओढला. सोमवारपासून कॉलेज दहा चाळीसला भरेल, फाटक दहा चाळीसला बंद होईल. सही करून त्यांनी कागद तिच्या हातात दिला. "आणि लाहूला म्हणावं, पेटीला आता हात लावायचा नाही," असं म्हणून त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि मोबाइल समोर ठेवून लावायला घेतलं. नाव तिने सांगितलंच नव्हतं. पण प्राचार्य कितीही कडक असला तरी आपल्या शिपायाला ओळखतो.

मग दक्षा कामाला लागली. नवी आवृत्ती आणि सगळ्या दुरुस्त्या घातल्या. ओळखीची किल्ली नसलेल्याचं काही ऐकायचं नाही, आणि उठल्यावर बाहेरून खात्रीची वेळ मिळेपर्यंत लॅबला वेळ सांगायची नाही, असं सर्व्हरला बजावलं. पेटीची बटणं कुलपात घातली आणि तिने सर्व्हरला विचारूनच बोलावं अशी व्यवस्था केली. नव्या वेळापत्रकाच्या पहिल्या सोमवारी ती फाटकापाशी उभी राहिली. दहा छत्तीसला जीप आली. पोरं धावली नाहीत. चालत, हसत, वेण्या नीट करत आत आली. लाहू त्यांच्याकडे बघत होता, आणि त्याला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालेलं दिसत होतं.

तुषार ठरल्या दिवशी आला. या वेळी त्याने लाइट जायची वाट पाहिली नाही, स्वतःच मेन स्विच पाडला. मशिनं उठली आणि गप्प बसून राहिली. तेवढ्यात त्याने स्वतःचा लॅपटॉप नेटवर्कला जोडून खोटी वेळ सांगायला सुरुवात केली. आधी सात मिनिटं मागची, मग तासभर पुढची. सर्व्हरने ढुंकूनही पाहिलं नाही. चार मिनिटांनी इंटरनेट आलं आणि चाळीसही पडद्यांवर खरी वेळ उमटली. पाठोपाठ व्हरांड्यात घंटा झाली, ती मोबाइलच्या ठोक्याला.

"सापडला का कोण होता?" तुषारने फॉर्मवर सही करता करता विचारलं.

"घरचाच होता," दक्षा म्हणाली. "समजावून सांगितलं."

जानेवारीतल्या त्या रविवारी परीक्षा होती. फाटक नऊला बंद होणार. आदल्या दिवशी दुपारी लाहू अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेला, कुठे ते सांगितलं नाही. दक्षा सकाळी सातला कॉलेजात आली तेव्हाही फाटकावर तो नव्हता. घड्याळं तिने अशी बांधून टाकली होती की आता देवानेही सांगितलं तरी ती हलणार नव्हती. रविवारी तर जीप भरायलाच वेळ लागतो. चार मिनिटं उशीर झाला तर फाटक बंद, आणि ते बंद करवणारी या वेळी ती स्वतःच.

सव्वासातला जीप आली. मागच्या पायरीवर मफलर बांधलेला लाहू उभा होता. आत चौदा पोरी कोंबलेल्या, वर त्यांच्या डब्यांच्या पिशव्या. त्यांना उतरवून जीप तशीच परत फिरली. आठला दुसरी खेप आली, साडेआठला तिसरी.

"काल सगळे पाडे फिरलो," लाहू थंडीने हात चोळत म्हणाला. "घराघरात सांगितला, उद्या माझी सात मिनटां नायत. डायवरच्या घरीच झोपलो. उठवला त्याला."

दक्षाने यादी काढून फाटकातच नावं घेतली. निलम आहे. सोनी आहे. एकतीसच्या एकतीस होत्या. घाबरलेले चेहरे फोटोतल्यासारखेच, पण सगळे आत.

नऊला एक मिनिट असताना लाहू फाटकाशी गेला. सवयीने त्याने रस्त्याच्या टोकापर्यंत नजर टाकली आणि मग दक्षाकडे पाहिलं. तिने मान हलवली. घंटा झाली, लाहूने फाटक ओढलं आणि कडी घातली. लॅबमध्ये एकाच क्षणी चाळीस पडद्यांवर पेपर उघडला. दक्षाने गजांतून बाहेर पाहिलं. रस्ता रिकामा होता, बाहेर कोणीही उभं नव्हतं. ती तशीच थोडा वेळ बघत राहिली, आणि मग आपण रडतोय हे तिच्या लक्षात आलं.